टेबलाच्या उंचीवरचा कॅमेरा: एका प्रसंगातले वडील खलनायक का वाटले

पार्श्वभूमी

लघुपट साधारण २२ मिनिटांचा होता. हे प्रकरण त्यातल्या साडेतीन मिनिटांच्या एका प्रसंगाचं आहे. ओळख पटू नये म्हणून कथानकातले तपशील थोडे बदलले आहेत. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र काहीही बदललेलं नाही. मी या प्रकल्पावर संकलक होतो, म्हणजे चित्रीकरण आटोपल्यावर आत शिरलेला माणूस.

गोष्ट अशी. एकट्या राहणाऱ्या वडिलांकडे मुलगी काही कागदांवर सही घ्यायला येते. वडिलांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली आहे आणि ते कोणालाही कळू द्यायचं नाही असा त्यांनी चंग बांधलेला आहे. मुलगी टेबलाशी बसलेली, समोर कागद पसरलेले. वडील टेबलापलीकडे उभे. ती म्हणते, "बाबा, नुसती सही करायची आहे." ते म्हणतात, "नाही." ती म्हणते, मग वाचून तर बघा. ते पुन्हा नाही म्हणतात, आवाज चढतो, आणि शेवटी समोरची रिकामी खुर्ची ढकलून आत निघून जातात.

पटकथेत या प्रसंगात कंसात एक ओळ होती आणि सगळा लघुपट खरं तर त्या ओळीवर उभा होता: 'ते बसत नाहीत, कारण बसलं की वाचावं लागेल.' वाचलेलं डोक्यात टिकत नाही हे त्यांचं त्यांना ठाऊक आहे. त्यांचं ते ताठ उभं राहणं म्हणजे पळवाट होती.

शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंग कोणकोणत्या शॉटमध्ये घ्यायचा याची आखणी, साधंच होतं. दोघं दिसतील असा, सगळा प्रसंग सलग टिपणारा बाजूने मास्टर, वडिलांचा मिड (साधारण कमरेपासून वरचा शॉट), मुलीचा क्लोज-अप, कागदांवरच्या हातांचा इन्सर्ट (फक्त तेवढा तपशील दाखवणारा शॉट). मुलगी बसलेली, म्हणून वडिलांकडे पाहणारा कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. वडील उभे, म्हणून मुलीकडे पाहणारा कॅमेरा वरून. कोण कोणाकडे कुठून बघतंय हे ठरवून त्या जागी कॅमेरा ठेवणं, यात चुकीचं काहीच नाही. शेकडो प्रसंग असेच घेतले जातात आणि उत्तम जमतात.

खोली लहान होती. वडिलांचा मिड २४ मिमीच्या वाइड, म्हणजे जवळूनही बरंच काही चौकटीत घेणाऱ्या लेन्सवर, त्यांच्यापासून जेमतेम एक मीटरवरून घेतला गेला. हा निर्णय कोणी विचार करून घेतला नव्हता. मागे भिंत होती, ट्रायपॉड आणखी मागे सरकत नव्हता, एवढंच.

अडचण

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, पाहायला पटकथा न वाचलेल्या मोजक्या लोकांना बोलावलं. प्रसंग संपल्यावर एकजण म्हणाला, "आता हा हात उगारणार असंच वाटलं." दुसरीने विचारलं, लहानपणी हे मुलीला मारायचे का? विसरण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आधीच्या दोन प्रसंगांत त्याच्या खुणा पेरलेल्या होत्या (वडील एकच प्रश्न पुन्हा विचारतात, दार उघडं टाकून जातात), पण या प्रसंगातल्या माणसाने त्या सगळ्या पुसून टाकल्या. प्रेक्षकांच्या मनात राहिला तो एक दांडगा, हेकट म्हातारा.

पहिला संशय अर्थातच अभिनयावर गेला. दिग्दर्शिका म्हणाली, "सर जरा जास्तच चढलेत का?" एडिट टेबलवर ही शंका नेहमी पहिली येते, कारण अभिनय सगळ्यांना दिसतो आणि कॅमेऱ्याची जागा कोणालाच दिसत नाही. ती खरी की खोटी हे पाहायला दोन कट केले. एकात वडिलांच्या मिडमधला आवाज तसाच ठेवून चित्र सगळं मास्टरचं. मास्टरमध्ये ते अर्धे पाठमोरे असल्यामुळे ओठ आवाजाशी न जुळण्याची अडचण आली नाही. दुसऱ्यात फक्त मिड, आवाज पूर्ण बंद. हे दोन्ही तुकडे आधी काहीच न पाहिलेल्या लोकांना दाखवले. एकदा मत बनलेला प्रेक्षक या कामाला चालत नाही.

मास्टरवर तोच चढलेला आवाज ऐकून लोक म्हणाले, माणूस भांबावलाय, कशाला तरी घाबरतोय. आवाज नसलेला मिड पाहून म्हणाले, धमकावतोय. म्हणजे अभिनेत्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता.

मग त्या फ्रेममध्ये नेमकं काय काय आहे ते एकेक करून पाहिलं.

बसलेल्या मुलीचे डोळे जमिनीपासून सुमारे ११८ सेंटिमीटरवर, उभ्या वडिलांचे सुमारे १५८ वर. फरक ४० सेंटिमीटरचा. कॅमेरा एक मीटरवर असेल तर या फरकामुळे चेहरा सुमारे २२ अंश खालून दिसतो. तीच उंची ठेवून कॅमेरा तीन मीटर अंतरावर नेला, तर कोन ८ अंशांच्याही आत येतो. लो अँगल, म्हणजे खालून वर पाहणारा कॅमेरा, म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त कॅमेऱ्याची उंची येते. प्रत्यक्षात कोन ठरतो तो उंची आणि अंतर या दोन्हींनी. उंची कथेतून आली होती, अंतर भिंतीतून, आणि माझ्या मते घोळ अंतराने घातला.

अंतराने आणखी एक गोष्ट केली. बोलताना वडील टेबलावर टेकून हात पुढे आणतात. हात कॅमेऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर, चेहरा एक मीटरहून थोडा लांब. त्यामुळे चेहऱ्याच्या मानाने पंजा जवळजवळ पावणेदोन पट मोठा दिसत होता. 'हात उगारणार' हे त्या प्रेक्षकाच्या मनात उगाच आलं नव्हतं. तीन मीटरवरून हाच फरक सव्वा पटीच्याही आत राहतो. याचं खापर आपण वाइड लेन्सवर फोडतो, पण वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाण फक्त अंतराने बदलतं. जवळ गेल्यावर माणूस चौकटीत मावावा म्हणून वाइड लेन्स लावावी लागते, म्हणून आळ तिच्यावर येतो.

तिसरा प्रकाश. टेबलावर छताला लटकता दिवा होता. खालून पाहिल्यावर छत फ्रेममध्ये आलं, दिवा वडिलांच्या डोक्यामागे आला आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या झाल्या. ज्या चेहऱ्यावर भीती वाचायची, त्याचे डोळेच दिसत नव्हते. मास्टरमध्ये तोच दिवा निरुपद्रवी होता.

आणि चौथी बाब या प्रसंगाच्या बाहेरची. आधीच्या तिन्ही प्रसंगांत वडील आय लेव्हलवर, म्हणजे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतले होते. इथे पहिल्यांदाच कॅमेरा त्यांच्या खाली गेला. प्रेक्षक कोन मोजत बसत नाही, पण बदल त्याला बरोबर कळतो. आतापर्यंत बरोबरीने पाहिलेला माणूस एकाएकी वर गेला, की 'याने आता खरं रूप दाखवलं' असाच अर्थ निघतो. पहिल्या फ्रेमपासून ते थोडे खालून घेतलेले असते, तर हा प्रसंग एवढा टोचला नसता असं मला वाटतं.

लो अँगल म्हणजे सत्ता आणि हाय अँगल म्हणजे दुबळेपणा हे समीकरण शिकवलं जातं. सुरुवातीला ते कामाला येतं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या १९४१ च्या 'सिटिझन केन'मध्ये नायक केन निवडणूक हरल्यानंतरचा प्रसंग आहे. छायालेखक ग्रेग टोलंडचा कॅमेरा इतका खाली हवा होता की त्यासाठी सेटची जमीन फोडावी लागली. केन तिथे डोंगराएवढा दिसतो आणि त्याच वेळी तो पूर्ण मोडलेला आहे; त्याच्या डोक्यावर येणारं छत त्याला अधिकच कोंडतं. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा कॅमेरा तर आयुष्यभर जमिनीलगत बसलेला, पण त्याची नजर सहसा सरळ समोर. पात्रंही बऱ्याचदा खाली बसलेली असल्यामुळे तिथे कोणी कोणावर दरारा गाजवतंय असं वाटत नाही. कॅमेरा खाली असणं आणि खालून वर पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या शॉट डिव्हिजनमध्ये दोन्हींसाठी 'लो' हा एकच शब्द लिहिलेला होता.

कोणते पर्याय होते

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मिड काढून टाकून प्रसंग मास्टर आणि मुलीच्या क्लोज-अपवर चालवणं. तसा कट करून पाहिला. धमकी गेली, पण वडीलही गेले. साडेतीन मिनिटं आपण त्यांच्या पाठीकडे आणि मुलीच्या तोंडाकडे बघतो, मग गोष्ट तिची होते.

दुसरा उपाय मिड मोठा करण्याचा. चित्रीकरण ३८४० बाय २१६० वर झालं होतं, अंतिम प्रत १९२० बाय १०८० ची. म्हणजे दुपटीपर्यंत मोठं करायला वाव होता. हात आणि छत चौकटीबाहेर गेलं, चेहरा जवळ आला. पण कापून कोन बदलत नाही. हनुवटीखालचा भाग, नाकपुड्या, काळे डोळे, सगळं आता दुप्पट झालं. हा पर्याय एडिट टेबलवर हमखास सुचतो आणि हमखास फसतो.

आवाज पुन्हा डब करून मवाळ करायची सूचना आली. आवाज न लावताही लोकांना धमकी दिसली होती, त्यामुळे ती तिथेच संपली.

मग फेरचित्रीकरण. त्यातही दोन रस्ते होते. दिग्दर्शिकेचा पहिला विचार अँगल सरळ उलटवायचा: वडील वरून, मुलगी खालून. मला तो पटला नाही. प्रेक्षकाला हाताला धरून 'बघा, आता यांची दया करा' म्हणण्यासारखं ते झालं असतं. शिवाय उभ्या माणसाकडे वरून कोण बघतंय? त्या खोलीत तशी जागा कोणाचीच नव्हती.

टेबलावरून टॉप अँगल, म्हणजे थेट डोक्यावरून शॉट, घ्यायचं तिच्या मनात होतं. दिसायला देखणा शॉट झाला असता. पण टॉप अँगल चेहरा काढून घेतो. हिचकॉकने १९६० च्या 'सायको'मध्ये जिन्यावरच्या हल्ल्याला कॅमेरा थेट छतापाशी नेला, तो हल्ला करणाऱ्या 'आई'चा चेहरा दाखवायचा नव्हता म्हणून. आम्हाला गरज नेमकी उलटी होती.

दुसरा रस्ता: कॅमेऱ्याची उंची तीच, मुलीच्या डोळ्यांची, पण अंतर तीन मीटर. तीच चौकट राखायची तर २४ च्या तिप्पट, म्हणजे ७२ मिमी लागते. हाताशी ७५ होती. आपण मुलीच्या जागेवरूनच बघतो, पण वडील अंगावर येत नाहीत. छतही फ्रेममधून जातं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. हाच रस्ता धरला.

काय केलं

मुलीचं काम करणारी अभिनेत्री त्या तारखांना मोकळी नव्हती. त्यामुळे तिचे जुनेच क्लोज-अप वापरायचे आणि नवीन फक्त वडिलांची बाजू घ्यायची असं ठरलं. मुलीच्या जागी तिच्या अंगलटीची एक मुलगी बसवून तिच्या खांद्यावरून सजेशन घेतलं, म्हणजे पुढे तिचा खांदा आणि पलीकडे वडील असा शॉट. ७५ मिमीवर पुढचा खांदा इतका धूसर होतो की कोणाला शंका येत नाही. टेबल पलीकडच्या भिंतीकडे सरकवलं, मागचं दार उघडून ट्रायपॉड बोळात उभा केला, आणि तीन मीटर मिळाले. पहिल्या दिवशीही ते दार तिथेच होतं!

लटकता दिवा चालूच ठेवला, पण टेबलावरच्या कागदांच्या जागी फ्रेमबाहेर पांढरा थर्मोकोल आडवा टाकला. त्यावरून उडालेला उजेड डोळ्यांत गेला. पांढऱ्या कागदांवरून उजेड येणं खोलीतही स्वाभाविकच होतं.

तालमीत अभिनेत्याने विचारलं, "मी शेवटी बसलो तर?" पटकथेत ते निघून जातात. या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय इथे झाला आणि तो कॅमेऱ्यामागच्या माणसांनी सुचवलेला नाही. मुलगी "मी वाचून दाखवू का?" म्हणते तेव्हा ते खुर्ची ढकलण्यासाठी धरतात, थांबतात आणि सावकाश बसतात. छायालेखकाने ताबडतोब सांगितलं, बसताना मी कॅमेऱ्याची उंची बदलणार नाही, फक्त टिल्ट करून, म्हणजे कॅमेरा जागच्या जागी खाली झुकवून, चेहऱ्याबरोबर खाली येईन. कॅमेरा ११८ वरच राहिला आणि वडिलांचे डोळे खाली येऊन त्याच्या समोर टेकले. आय लेव्हल आली ती माणूस बसल्यामुळे. कॅमेरा वर नेऊन तीच आय लेव्हल मिळवली असती, तर ती आम्ही बहाल केलेली बरोबरी वाटली असती. इथे ती त्या माणसाची हार वाटते आणि त्याच वेळी थोडी सुटकाही.

या निर्णयाने संकलनात मात्र पेच टाकला. मुलीच्या जुन्या क्लोज-अपमध्ये तिचा लुक, म्हणजे नजरेची दिशा, उभ्या माणसाकडे, वर. वडील बसल्यावर तो लुक त्यांच्या डोक्यावरून भिंतीवर जाणार. तिचे डोळे खाली असलेले तुकडे शोधावे लागले. प्रसंगाच्या सुरुवातीला ती कागद लावते तेव्हाचे, 'कट' म्हटल्यानंतर ती नुसती बसून राहिली होती तेव्हाचे. ते वडिलांच्या बसण्यानंतर लावले. ती कागदांकडे बघत वाचतेय असं झालं, आणि वाचनाचा आवाज नंतर डब केला. तिचे हे तुकडे वरून घेतलेले होते, ते तसेच राहिले. दोघांचे डोळे मिळतच नाहीत, हे ठरवून केलेलं नव्हतं. पण प्रसंगाला ते शोभलं.

१८० अंशांची रेषा (दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा, जिच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवला की कोण कुठे बघतंय याचा गोंधळ होत नाही) सांभाळायला त्रास झाला नाही, कारण नवीन कॅमेरा जुन्याच बाजूला, फक्त मागे होता. वडील आधीही डावीकडे बघत होते, नंतरही.

जुना २४ मिमीचा लो अँगल आम्ही पूर्ण टाकला नाही. पहिल्या "नाही"वर तो दीड-दोन सेकंद ठेवला. दिग्दर्शिकेचं म्हणणं, त्या क्षणी मुलगी खरंच दचकते, तिला बाबा एवढे मोठे वाटतात, तेवढ्यापुरतं ते खरं आहे. मी तो काढला असता. या शॉटवर आमचं अजूनही एकमत नाही.

निष्पत्ती

नव्या प्रेक्षकांपैकी कोणीही वडिलांना दांडगा म्हटलं नाही. "ते वाचायला घाबरतायत का?" असं एकाने आपणहून विचारलं. आधीच्या प्रसंगांतली उघडं टाकलेल्या दाराची खूणही लोकांना आठवली.

किंमत मोजावी लागली ती दुसरीकडे. काहींना आता मुलगी कोरडी, हिशेबी वाटू लागली. तिच्या शॉटमध्ये आम्ही काहीच बदललं नव्हतं. पूर्वी वरून घेतलेला तिचा चेहरा धमकावलेल्या मुलीचा वाटायचा. समोरची धमकी गेल्यावर तोच चेहरा, तीच खाली गेलेली नजर, बापाकडे न बघता कागद उरकणारी वाटली. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोवचा प्रयोग चित्रपटवाल्यांनी वाचलेला असतो: तोच निर्विकार चेहरा, शेजारचं चित्र बदललं की भाव बदललेला भासतो. अँगललाही ते लागू पडतं, हे मात्र शॉट डिव्हिजन करताना आठवत नाही. वडिलांचा अँगल बदलताना मुलीचाही अर्थ आपण बदलतोय, याचा अंदाज आम्हाला आधी यायला हवा होता.

ते काही अंशी सावरायला मास्टरमधले दोन तुकडे परत आणले. त्यांत ती एकदा कागदांवरचा हात मागे घेते, आणि मास्टर बाजूने, समान उंचीवरून असल्यामुळे दोघं एकाच मापात दिसतात. कोरडेपणाची तक्रार कमी झाली, पूर्ण गेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तालमीच्या वेळी मोबाइलने बसलेल्या आणि उभ्या दोन्ही उंचीवरून, जवळून आणि लांबून असे चार फोटो काढले असते, तरी प्रश्न तिथेच दिसला असता. फोनवर जवळून काढलेला फोटो झूम करून लांबचा म्हणून धरू नये. फोन तेवढ्या अंतरावर न्यावा आणि मग चौकट कापावी.

शॉट डिव्हिजनच्या तक्त्यात 'लो', 'हाय' एवढंच न लिहिता उंची, अंतर आणि लेन्स असे तीन रकाने ठेवायला हवेत. त्याखाली एका ओळीत त्या पात्राचा आधीच्या प्रसंगातला अँगल. वडील तीन प्रसंग आय लेव्हलवर आणि चौथ्यात एकदम खाली, हे कागदावर डोळ्यांत भरलं असतं.

लहान खोलीत अंतर कमी पडतंय असं दिसलं तर सामान किंवा ट्रायपॉड हलवण्याआधीच हात वाइड लेन्सकडे जातो, ही सवय आहे. दार उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

पात्राचा अर्थ ज्या शॉटवर टांगलेला आहे, त्याचा दुसऱ्या अंतरावरून एक जादा टेक घेऊन ठेवणं स्वस्त पडतं. एक सेट-अप वाढतो, दिवसाचं वेळापत्रक थोडं ताणतं. फेरचित्रीकरणात प्रकाश जुळवणं, दाढीची वाढ जुळवणं, कोण मोकळं आहे हे बघणं, यात त्याच्या कितीतरी पट वेळ गेला.

अभिनेत्रीच्या तारखांसाठी थांबावं का, हा प्रश्न मात्र मला अजून खुला वाटतो. थांबलो असतो तर वडील बसल्यावर तिने त्यांच्याकडे समोरासमोर पाहिलेला शॉट मिळाला असता आणि तिच्यावरचा कोरडेपणाचा शिक्का बहुधा पुसला गेला असता. पण मग नजर न मिळण्याचा तो शेवट हातून गेला असता. दिग्दर्शिकेला विचारलं तर ती म्हणते, थांबायला हवं होतं. मी अंतिम प्रतीतला शेवट ठेवीन.